झाकणाची साक्ष

(माजी विद्यार्थी मेळाव्यातल्या ‘माझं काम, माझा अनुभव’ या सत्रात केलेलं भाषण. लेखिका १९७९ च्या दहावीच्या तुकडीच्या.)



माझ्या आधी आपल्यातले डॉक्टर हृदयावर बोलले, वकील मृत्युपत्रावर बोलले. दोन्ही विषय भारदस्त. आता मी उभी आहे ती बाटलीच्या झाकणावर बोलायला. हसू आलं असेल तर आत्ताच हसून घ्या. मी ३४ वर्षं या झाकणांवरच पोट भरलं आहे.

बी.एस्सी. झाल्यावर मी अंधेरीच्या भारतीय पॅकेजिंग संस्थेत पदविका केली आणि औषध कारखान्याच्या पॅकिंग खात्यात लागले. औषध तयार करणारे लोक वेगळे. ते तयार झालं, की बाटलीत, स्ट्रिपमध्ये, खोक्यात बसवून तुमच्या घरापर्यंत नीट पोचवायचं, ते काम आमचं. त्यातला एक तुकडा आज मी बोलायला घेतला आहे. बाजारात त्याला आपण सरसकट ‘सील’ म्हणतो. वस्तू कारखान्यातून निघाल्यानंतर कोणी ती उघडली, तर तसं उघडल्याचं दिसून आलं पाहिजे, अशी केलेली रचना म्हणजे सील. तिचे फायदे काय आणि तोटे काय, एवढाच माझा विषय.

हा विषय निवडायचं कारण सकाळच्या नाश्त्याच्या टेबलावर मिळालं. आपण सगळे साठी ओलांडलेले. इडली संपली आणि पर्समधून, खिशातून गोळ्यांचे डबे बाहेर आले. दहावीला कंपासपेट्या निघायच्या, तशा. ज्या वस्तूवर आपण रोज सकाळ-संध्याकाळ विश्वास टाकतो, तिच्या झाकणाबद्दल चार गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या.

सील ही काही आजची कल्पना नाही. टपालाच्या थैलीवर लाख आणि मोहोर असायची. वीज मीटरला शिशाचं सील असायचं, रिक्षाच्या मीटरला वैधमापन खात्याचं असतं. आणि आपल्याला सगळ्यात जवळचं म्हणजे प्रश्नपत्रिकांचं पाकीट. सर ते वर्गात आणायचे, उंच धरून सगळ्यांना दाखवायचे आणि मगच फोडायचे. आपल्याला तेव्हा वाटायचं, सर उगाच वेळ काढताहेत. ती दोन मिनिटं किती महत्त्वाची होती, ते मला नोकरीत कळलं. इथे बसलेल्या ज्या बाईंनी आणि सरांनी निवडणुकीची ड्युटी केली आहे, त्यांना मतदान यंत्रावरचं कागदी सील आठवत असेल. त्याच्यावर क्रमांक असतो, उमेदवारांचे प्रतिनिधी तो टिपून घेतात, त्यावर सह्या करतात. सील लावायचं, आणि ते बघायला माणूस उभा करायचा. या दोन्ही गोष्टी तिथे एकत्र येतात. ही जोडी लक्षात ठेवा, पुढे मला तिची गरज पडणार आहे.

औषधांच्या बाबतीत या विषयाची जगभर चर्चा सुरू झाली ती १९८२ साली. संस्थेत आम्हाला पहिला धडा हाच होता. अमेरिकेत टायलेनॉल नावाचं वेदनाशामक फार खपायचं. औषध म्हणजे आपलं पॅरासिटामॉल. सप्टेंबरच्या अखेरीस शिकागो शहराच्या परिसरात एकामागून एक अशी सात माणसं दगावली. त्यांत १२ वर्षांची एक मुलगी होती, आणि एकाच कुटुंबातले तिघे होते. सगळ्यांनी टायलेनॉलच्या कॅप्सूल घेतल्या होत्या आणि त्या कॅप्सूलमध्ये सायनाइड निघालं.

तपासात दिसलं, की त्या बाटल्या वेगवेगळ्या कारखान्यांत भरलेल्या होत्या. म्हणजे विष कारखान्यात पडलेलं नव्हतं. कोणीतरी बाटल्या मिळवून कॅप्सूल उघडल्या, त्यांत सायनाइड भरलं आणि बाटल्या दुकानांच्या फळ्यांवर नेऊन ठेवल्या. हे इतकं सोपं कसं झालं? कारण झाकण फिरवलं की बाटली उघडायची आणि परत लावलं की जशीच्या तशी दिसायची. बाटलीला काही सांगताच येत नव्हतं. पोलिसांनी गाड्यांवर भोंगे लावून रस्त्यारस्त्यांतून लोकांना सावध केलं. कंपनीने देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. हे कृत्य करणारा माणूस शेवटपर्यंत सापडला नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दुकानात थेट मिळणाऱ्या औषधांसाठी नियम काढला. उघडलं तर ग्राहकाला दिसेल असा काहीतरी अडसर पॅकिंगवर हवा, आणि ‘काय बघायचं’ हेही लेबलवर छापलेलं हवं. टायलेनॉल परत बाजारात आलं ते तीन सील घेऊन: खोक्याचे पाखे चिकटवलेले, बाटलीच्या गळ्याभोवती प्लास्टिकचा घट्ट पट्टा, आणि झाकणाखाली फॉइल. लोकांनी ते पुन्हा घ्यायला सुरुवात केली.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे असं काही झालं नाही. त्याचं एक कारण साधं आहे. आपल्याकडे गोळ्या बहुतेक स्ट्रिपमध्ये मिळतात. स्ट्रिप ही प्रत्येक गोळीला स्वतंत्र सील लावलेली वस्तू आहे. एक गोळी काढली की तिथलं फॉइल फाटतं आणि ते पुन्हा जोडता येत नाही. इंजेक्शनची काचेची कुपी तर त्याहून पक्की, मान मोडल्याशिवाय उघडतच नाही. ही पॅकिंगं आपण वापरतो ती मुख्यतः ओल लागू नये, जंतू शिरू नयेत म्हणून. पण त्यांनी जाता जाता हेही काम केलं आहे.

ही सीलं चालतात कशी, ते थोडक्यात सांगते. सिरपच्या बाटलीचं ॲल्युमिनियमचं झाकण फिरवलं की ‘कट्’ असा आवाज येतो आणि खाली एक कडी गळ्यात राहते. झाकण आणि कडी यांना जोडणारे छोटे पूल असतात, ते तुटल्याचा तो आवाज. पाण्याच्या बाटलीचं झाकणही त्याच तत्त्वावर. जॅमच्या बरणीच्या झाकणाला मधोमध खळगा असतो, आत हवा शिरली की तो टक्कन वर येतो. आणि झाकणाखालचं फॉइल? ते चिकटवतात कसं, याचं उत्तर आपल्या शास्त्राच्या सरांनी नववीत देऊन ठेवलं होतं. चुंबक आणि तारेचं वेटोळं घेऊन त्यांनी विद्युत चुंबकीय प्रवर्तन शिकवलं होतं, आठवतं का? कारखान्यात झाकण लावलेली बाटली अशाच एका वेटोळ्याखालून जाते. मधल्या फॉइलमध्ये धारा प्रवर्तित होते, ते तापतं, त्याच्या खालचा प्लास्टिकचा थर वितळतो आणि बाटलीच्या काठाला चिकटून बसतो. ना ज्योत, ना स्पर्श. सर, मी पहिल्यांदा ते यंत्र पाहिलं तेव्हा मला तुमची प्रयोगशाळा आठवली होती.

आता फायदे.

पहिला फायदा उघडच आहे. वाईट काम करणाऱ्याला आता ते लपवता येत नाही, किंवा निदान फार खटपट करावी लागते. बरेचसे लोक तिथेच नाद सोडतात.

दुसरा फायदा फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. सीलमुळे जबाबदारी ठरते. माल कारखान्यातून डेपोत जातो, तिथून घाऊक व्यापाऱ्याकडे, तिथून मेडिकलमध्ये. बाटली अर्धी निघाली तर कोणाला धरायचं? सील शाबूत असेल तर दोष आमचा, कारखान्याचा. तुटलेलं असेल तर वाटेतल्या कोणाचा तरी. आपल्यातल्या एकाचं स्वतःचं मेडिकल आहे. कंपनी चांगली म्हणून आलेल्या मालापेक्षा सील चांगलं म्हणून आलेला माल त्याला रात्री शांत झोप देतो, हे तो तुम्हाला सांगेल. घरचं उदाहरण गॅस सिलेंडरचं. टोपीवरचं सील बघून, वजन करून सिलेंडर घ्या असं सांगतात, ते यासाठीच. १४.२ किलो गॅस भरल्याची कबुली त्या सीलमध्ये असते. ते तुटलेलं असताना तुम्ही सिलेंडर आत घेतला, की नंतर भांडायला जागा राहत नाही.

तिसरा फायदा स्वच्छतेचा. गळती थांबते, ओल लागत नाही, दुकानात कोणी झाकण उघडून वास घेऊन बघत नाही. युरोपीय संघातल्या बहुतेक देशांत ९ फेब्रुवारी २०१९ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांच्या खोक्यालाही असं सील आणि प्रत्येक खोक्याचा वेगळा क्रमांक सक्तीचा झाला आहे. जगाने हा प्रयोग आवडून घेतला आहे, असं म्हणायला हरकत नाही.

आता तोट्यांकडे येते. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण फायदे कंपनी जाहिरातीत सांगते, तोटे कोणी सांगत नाही.

पहिला तोटा असा, की सील काही अडवत नाही. सुरुवातीला अमेरिकेतल्या नियमात ‘छेडछाडीला दाद न देणारं’ अशा अर्थाचा शब्द होता. १९८६ साली न्यूयॉर्क राज्यात एक बाई टायलेनॉलच्याच कॅप्सूलमधल्या सायनाइडने गेली, तेही तीन सीलांचं पॅकिंग आल्यानंतर. कंपनीने मग दुकानात थेट मिळणाऱ्या कॅप्सूलच बंद केल्या आणि तेच औषध घट्ट गोळीच्या रूपात आणलं. त्याच वर्षी वॉशिंग्टन राज्यात दुसऱ्या एका वेदनाशामकातल्या सायनाइडने दोन मृत्यू झाले. एका बाईने नवऱ्याला मारलं होतं, आणि तो कोणा माथेफिरूचा उद्योग वाटावा म्हणून विषारी बाटल्या दुकानांतही ठेवल्या होत्या. सील होतं, तरी हे झालं. पुढे १९९८ मध्ये प्रशासनाने नियमातला तो शब्दच बदलला आणि ‘छेडछाड दाखवणारं’ असा शब्द घातला. मला तो बदल फार प्रामाणिक वाटतो. आधीचा शब्द पहारेकऱ्याचा होता, नंतरचा साक्षीदाराचा. पहारेकरी चोराला अडवतो. साक्षीदार फक्त पाहिलेलं सांगतो, तेही कोणी विचारलं तर.

दुसरा तोटा म्हणजे सीलची नक्कल होते. मुंबईत नामांकित दुधाच्या पिशवीचा कोपरा कापायचा, थोडं दूध काढायचं, पाणी भरायचं आणि मेणबत्तीच्या ज्योतीवर पिशवी परत बंद करायची, असे अड्डे पकडल्याच्या बातम्या आपण अनेकदा वाचल्या आहेत. पिशवी हातात घेतली तर सीलबंदच दिसते. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या गोळा करून, नळाचं पाणी भरून, नवी झाकणं बसवून विकायचा धंदा आहेच. ‘वापरल्यावर बाटली चुरगाळा’ असं बाटलीवर छापलेलं असतं, ते त्यासाठी. आपण किती जण चुरगाळतो? काल रात्री आपण मुक्कामाला होतो त्या हॉलच्या मागे मी सकाळी बघून आले. सगळ्या बाटल्या झाकणासकट उभ्या होत्या.

तिसरा तोटा मला सगळ्यात गंभीर वाटतो. सील आतल्या मालाच्या चांगलेपणाबद्दल काहीही बोलत नाही. ते फक्त एवढंच सांगतं, की बंद झाल्यावर कोणी उघडलेलं नाही. बंद करतानाच आत वाईट माल असेल, तर सील त्या वाईट मालाचीही तितक्याच इमानाने राखण करतं. १९८६ सालीच, इकडे आपल्या मुंबईत, जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन होतं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. मी त्याच सुमारास या क्षेत्रात येत होते. एकीकडे अमेरिकेतली बातमी, एकीकडे भायखळ्याची. अमेरिकेतल्या बातमीने सांगितलं की झाकण हवं. भायखळ्याच्या बातमीने सांगितलं की नुसत्या झाकणाने भागत नाही, आत काय भरलं ते तपासणारा माणूस हवा. बनावट औषध करणारे तर सील सगळ्यात सुबक लावतात. म्हणून आपल्याकडे १ ऑगस्ट २०२३ पासून जास्त खपणाऱ्या ३०० ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड किंवा बारकोड सक्तीचा केला आहे. तो मोबाइलने वाचला की औषधाचं नाव, उत्पादक, बॅच, मुदत असा तपशील दिसतो. नातवंडांकडून एकदा शिकून घ्या.

चौथा तोटा कचऱ्याचा. प्रत्येक बाटलीमागे एक कडी, एक फॉइल, एक प्लास्टिकचा पट्टा. एवढीशी वस्तू भंगारवालाही उचलत नाही, ती गटारात जाते. पट्टा पीव्हीसीचा असला आणि पेट बाटलीबरोबर पुनर्वापराला गेला, तर तो सगळा घाणा नासवतो. यावर आमच्या क्षेत्रात काम चालू आहे, पण अजून पुष्कळ बाकी आहे.

पाचवा तोटा हातांचा. आणि हा विषय आता आपल्या सगळ्यांचा आहे.

माझी आई ८४ वर्षांची असताना गावी एकटी राहायची. बोटं सांधेदुखीने वाकडी झालेली. मी एकदा तिच्याबरोबर मेडिकलमध्ये गेले. तिने सिरपची बाटली आणि डोळ्यांत घालायचे थेंब घेतले, आणि लगेच काउंटरवरच्या मुलाला म्हणाली, “बाळा, तेवढं झाकण सैल करून दे रे.” तो म्हणाला, “देतो आजी,” आणि सवयीने दोन्ही फोडून दिलं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, “आई, अगं ते सील तुझ्यासाठी असतं. घरी गेल्यावर उघडायचं. वाटेत, कपाटात, कोणी हात लावला तर कळावं म्हणून केलेलं असतं ते.” ती म्हणाली, “चोराला उघडता येऊ नये म्हणून केलंय म्हणतेस, पण चोराचे हात माझ्यापेक्षा दणकट असतात गं. अडलंय ते माझंच.”

या वाक्यावर मी पुढे अनेक मीटिंगांत भांडले. आमच्याकडे झाकण उघडायला किती पीळ द्यावा लागतो ते मोजायचं यंत्र असतं. आकडा ठरलेल्या मर्यादेत बसला की आम्ही सही करायचो. पण ती मर्यादा कोणाच्या हाताची? अमेरिकेत लहान मुलांना उघडता येऊ नयेत अशा झाकणांची चाचणी असते. ते झाकण आणि आपलं सील या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण त्या चाचणीतली एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. १९९५ मध्ये त्यांनी मोठ्या माणसांच्या चाचणीसाठी ५० ते ७० वर्षांची माणसं घ्यायचा नियम केला. त्याआधी ती चाचणी तरुण आणि मध्यमवयीन माणसांवर व्हायची. म्हणजे आज या सभागृहातले आपण सगळे त्या चाचणीला बसू शकतो!

मी आमच्या खात्यात म्हटलं, आपणही असं करून बघू. एका सिरपच्या प्लास्टिकच्या झाकणाचे पूल बारीक केले. कारखान्यातल्या निवृत्तीला आलेल्या मंडळींना आणि त्यांच्या आईवडिलांना बाटल्या उघडायला दिल्या. छान उघडल्या. मग चाचणीसाठी तेच खोके ट्रकने लांब पाठवून परत मागवले, तर बऱ्याच झाकणांचे पूल वाटेतच तुटलेले. असा माल बाजारात गेला असता तर? दुकानदाराने परत पाठवला असता, ग्राहक घाबरला असता. आणि त्याहून वाईट म्हणजे, चार वेळा उगाच तुटलेलं सील पाहिल्यावर पाचव्या वेळी कोणी लक्षच दिलं नसतं. खोटी साक्ष देणाऱ्या साक्षीदाराचं जे होतं, तेच. शेवटी आम्ही पूल होते तसेच ठेवले, झाकण थोडं मोठं केलं आणि कडेच्या खाचा खोल केल्या, म्हणजे बोटांना पकड मिळते. आईच्या हाताला तेही जड गेलं असतं, पण तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असलेल्या पुष्कळ बायकांना ते जमलं. आमच्या कामात इतपतच यश मिळतं. सील घट्ट केलं की म्हातारा माणूस अडतो, सैल केलं की त्याच्यावरचा विश्वास जातो. या दोन्हींच्या मधली जागा दर वेळी नव्याने शोधावी लागते.

मग सील असावं की नसावं? ३४ वर्षांनंतर माझं उत्तर असं आहे: असावं, पण एकच आणि स्पष्ट असावं. एकावर एक तीन आवरणं चढवली की माणूस वैतागून कात्रीने सगळं एकदम कापतो आणि काहीच बघत नाही. बघायचं काय, ते मोठ्या अक्षरात आणि मराठीत छापलेलं असावं. उघडायला पकड असावी. आणि उरलेलं अर्धं काम आपलं. पाकीट फोडण्याआधी सर ते उंच धरायचे, तो भाग आता आपण करायचा. कारखाना सील लावू शकतो; ते बघायला तुमच्या घरी येऊ शकत नाही.

म्हणून वर्गमैत्रिणीच्या हक्काने काही सूचना करते. लिहून घ्यायची गरज नाही, सोप्या आहेत.

औषध दुकानातच, पैसे देण्याआधी बघा. कडी जोडलेली आहे का, पट्टा आहे का, खोक्याचा पाखा कोणी उचकटलेला नाही ना. चष्मा घरी विसरला असाल तर बोटाने चाचपा, कडी बोटाला कळते.

झाकण तुमच्याने उघडत नसेल तर दुकानदाराकडून उघडून घ्यायला लाजू नका. फक्त क्रम पाळा. आधी सील स्वतः बघा, मग तुमच्या डोळ्यांसमोर उघडून घ्या. तुम्ही पाहिलंत की सीलचं मुख्य काम झालं. आईला मी शेवटी हेच शिकवलं. पुढे ती बाटली हातात घेऊन त्या मुलाला विचारायची, “बघू दे आधी. हां, आता फोड.”

सुट्या गोळ्या घेताना स्ट्रिप अशी कापून मागा, की मुदत आणि बॅच नंबर असलेला तुकडा तुमच्याकडे राहील. ज्या तुकड्यावर काहीच छापलेलं नाही, तो आठ दिवसांनी तुम्हालाही ओळखता येणार नाही.

सील तुटलेलं, सैल किंवा दोनदा चिकटवल्यासारखं दिसलं तर ते औषध घेऊ नका आणि फेकूनही देऊ नका. बाटली, खोकं आणि बिल जपून ठेवा, दुकानदाराला दाखवा, आणि गरज वाटली तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. बिल नसेल तर तक्रारीला पाय राहत नाहीत, तेव्हा बिल मागायची सवय लावा.

रिकामी बाटली टाकताना चुरगाळा, औषधाच्या बाटलीचं लेबल फाडा. तुमची रिकामी बाटली उद्या कोणाच्या तरी हातात भरलेली जाऊ नये, ही काळजी फक्त तुम्हीच घेऊ शकता.

आणि शेवटची गोष्ट. आपल्यातले काही जण आता एकटे राहतात. मुलं पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेत. झाकण उघडत नाही म्हणून औषध दोन दिवस तसंच पडून राहिलं, असं मला काल रात्री गप्पांमध्ये दोघींनी सांगितलं. हे ऐकून मला फार वाईट वाटलं. सील कितीही चांगलं केलं तरी त्याच्यावर हा उपाय नाही. शेजारच्या घरातल्या मुलाला हाक मारा. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज फुलांचे फोटो येतात, तिथे एकदा ‘झाकण उघडत नाही’ असंही लिहा. गावातले आपण नऊ-दहा जण आहोत, कोणीतरी दहा मिनिटांत पोचेल. मी स्वतः येईन. झाकणं उघडायचा अनुभव मला आहे.

सर, बाई, तुम्ही आम्हाला शिकवलंत की उत्तर लिहून झालं की एकदा तपासून बघा. मी आयुष्यभर तेवढंच केलं, बाटल्यांच्या बाबतीत.  बाहेर चहा तयार आहे असं दिसतंय. चहानंतरच्या गोळ्या विसरू नका.